सहा महिन्यांचं प्रमाणपत्र की तीन हजार तास?

प्रश्न : सलाम. माझं माहेर अहिल्यानगरचं, सासर पुण्याचं. गेली अकरा वर्षं आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे. वय ३८, शिक्षण पुणे विद्यापीठाचं बी.कॉम. आमच्या छोट्या मराठी फेलोशिपमध्ये बायका माझ्याजवळ मन मोकळं करतात. कधी जोडप्यांना घरी जेवायला बोलावते, आम्ही बोलतो, प्रार्थना करतो. गेल्या महिन्यात एका बहिणीने सांगितलं, नवरा हात उचलतो. मी दोघांना समोरासमोर बसवलं, वचन वाचलं, दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. हे काम नीट शिकून करावं असं मनापासून वाटतं, हेच माझं पाचारण असावं. एक ऑनलाइन संस्था सहा महिन्यांत ‘प्रमाणित ख्रिस्ती समुपदेशक’ करून देते. तो कोर्स करू की मास्टर्स? सेमिनरीत की साध्या युनिव्हर्सिटीत? किती वर्षं जातील? ह्यांची नोकरी टेक्ससला गेली तर काय? आणि भारतातल्या आपल्या कुटुंबांना इथून ऑनलाइन मदत करता येईल का?

उत्तर : ताई, सलाम. तुमचे बाकीचे प्रश्न पुढच्या पाच-सात वर्षांचे आहेत. एक प्रश्न आजचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाही नाही. त्याचं उत्तर आधी.

ज्या घरात एकजण दुसऱ्याला मारतो, तिथे दोघांना एकत्र बसवायचं नसतं. नवऱ्यासमोर ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. शिवाय दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली की मार खाणारीच्या वाट्याला मारणाऱ्याइतकाच दोष येतो. ती फोन उचलत नाही याचं कारण राग असेलच असं नाही. फोन तपासला जात असेल, किंवा तुमच्याशी बोललेलं त्याच्यापर्यंत जातं असं तिला वाटत असेल. तेव्हा या विषयावर मेसेज पाठवू नका, नवऱ्याला जाब विचारू नका, पाळकांना तिच्या परवानगीशिवाय सांगू नका. उपासनेनंतर ती एकटी भेटली तर एवढंच म्हणा : ‘त्या दिवशी दोघांना एकत्र बसवलं ही माझी चूक झाली. घरी सुरक्षित वाटतं का?’ पुढचं तिला ठरवू द्या. तुमच्या भागात दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या ‘मैत्री’ आणि ‘नारिका’ या संस्था नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ ही चोवीस तास चालते, आणि जीव धोक्यात असेल तर ९११. ‘आजच्या आज घर सोड’ असंही सांगू नका. घर सोडण्याचा काळ बहुधा सर्वांत धोक्याचा असतो, आणि त्याची आखणी प्रशिक्षित कार्यकर्तीबरोबर बसून करायची असते.

हे सगळं मास्टर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात. जोडप्याचं काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला एकदा वेगळं भेटायचं आणि भीती, मारहाण, पैशांवरचा ताबा याबद्दल थेट विचारायचं, हा तिथला पाया आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात तो मिळेलच याची खात्री नसते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला आमचं उत्तर स्पष्ट आहे : पैसे आणि वेळ त्या प्रमाणपत्रावर घालवू नका.

कॅलिफोर्नियात ‘समुपदेशन’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं चालतात. पाळक, फादर किंवा रब्बी आपल्या सेवाकार्याचा भाग म्हणून जोडप्यांशी बोलतात. राज्याच्या कायद्याने त्यांना परवान्यातून सूट दिली आहे. दुसरं बायबल-आधारित समुपदेशन. ते चर्चच्या छायेत चालतं, त्याची प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात, आणि राज्याच्या दृष्टीने त्यांना परवान्याचं मोल नाही. तिसरं परवानाधारक विवाह व कुटुंब थेरपिस्टचं, म्हणजे एल.एम.एफ.टी.चं. निदान करणं, उपचार करणं, फी घेणं, विमा कंपनीकडे बिल पाठवणं हे याच दारातून होतं. २०२४ च्या १ जानेवारीपासून मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमायोजनाही या परवानाधारकांना पैसे देऊ लागलं आहे. फेलोशिपमध्ये विनामूल्य ऐकून घेणं, प्रार्थना करणं यात गुन्हा नाही. पण ‘थेरपिस्ट’ म्हणून पाटी लावून पैसे घेतले आणि परवाना नसला, तर तो गुन्हा आहे. ‘ख्रिस्ती थेरपिस्ट’ असा वेगळा परवाना कॅलिफोर्नियात मिळत नाही. परवाना थेरपिस्टचा असतो, आणि ख्रिस्तीपण तुम्ही त्या खोलीत कसं वागता यातून दिसतं.

पदवी

परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाचं नाव बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, सगळे बी.बी.एस. म्हणतात. मंडळाला मान्यताप्राप्त संस्थेची मास्टर्स लागते, सेमिस्टर पद्धतीत ६० युनिटं (म्हणजे क्रेडिट) किंवा क्वार्टर पद्धतीत ९०. त्यातली ६ सेमिस्टर युनिटं प्रॅक्टिकमची, म्हणजे प्रत्यक्ष क्लायंट बघण्याची. प्रॅक्टिकममध्ये किमान २२५ तास लागतात, आणि त्यांतले १५० तरी क्लायंटसमोर बसून झालेले असावे लागतात.

सेमिनरी की युनिव्हर्सिटी, हा प्रश्न आम्ही थोडा फिरवून विचारू. दोन्हीकडून परवाना मिळतो, अभ्यासक्रम कायद्यात बसला म्हणजे झालं. पसाडिनाच्या फुलर सेमिनरीत १९६५ पासून मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय आहे. अझूसा पॅसिफिक ही इव्हँजेलिकल परंपरेतली, लोमा लिंडा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांची. तुमच्या घराजवळची सँटा क्लारा युनिव्हर्सिटी जेज्वीट पाद्र्यांची आहे. तिथे कौन्सेलिंग सायकॉलॉजीची मास्टर्स आहे आणि ती याच परवान्याकडे नेते. सेमिनरीत ६० युनिटांवर बायबल, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र असे विषय वाढतात. ते मोलाचे आहेत, पण त्यांची फी आणि महिने मोजून घ्या. काही संस्था प्रवेशाआधी विश्वासाच्या विधानावर आणि आचारसंहितेवर सही मागतात. ती कागदपत्रं फॉर्म भरण्याआधी पूर्ण वाचा, नंतर नव्हे.

माहितीपत्रकावरची चित्रं बाजूला ठेवून प्रवेश विभागाला ईमेलने लेखी विचारा : तुमची पदवी कॅलिफोर्नियाच्या एल.एम.एफ.टी.च्या सगळ्या अटी पूर्ण करते का? एल.पी.सी.सी. या दुसऱ्या, व्यावसायिक समुपदेशकाच्या परवान्याच्याही करते का? प्रॅक्टिकमची जागा शाळा शोधून देते की विद्यार्थ्याने शोधायची? विद्यार्थ्यांना जोडपी आणि कुटुंबं सरासरी किती तास मिळतात? संस्था सी.ओ.ए.एम.एफ.टी.ई. या थेरपीच्या शिक्षणमंडळाची मान्यता बाळगते का? शेवटचा प्रश्न कॅलिफोर्नियात फारसा अडत नाही, टेक्ससला जायचं झालं तर अडतो. आणि ‘जागा तुम्हीच शोधा’ असं उत्तर आलं, तर तुमच्यासारख्या घर सांभाळणाऱ्या विद्यार्थिनीचा एखादा सेमिस्टर त्यातच जातो हे धरून चाला.

तुमच्या बी.कॉम.ची अडचण दोन ठिकाणी येईल. पहिली, तीन वर्षांची पदवी. इथली चार वर्षांची पदवी आणि आपली तीन वर्षांची यांचा मेळ घालण्यासाठी परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून अहवाल घ्यावा लागतो. काही शाळा तीन वर्षांची पदवी मान्य करतात, काही करत नाहीत, काही वाढीव युनिटं मागतात. हे शाळागणिक बदलतं, म्हणून आवडलेल्या शाळेने कोणत्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागितलाय ते आधी विचारा, मग पैसे भरा. विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, ते काम याच महिन्यात पुण्यातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. दुसरी अडचण, मानसशास्त्राचे विषय नसणं. सामान्य मानसशास्त्र, विकासाचं मानसशास्त्र, मनोविकार आणि संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी आधी लागतात. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. चार विषय दोन सेमिस्टरमध्ये संध्याकाळी होतात. त्यात चांगले गुण मिळाले तर जुन्या मार्कांकडे कुणी फारसं बघत नाही. आणि वयाच्या ३८ व्या वर्षी आपल्याला अभ्यास झेपतो का, हे हजारो डॉलर भरण्याआधी कळतं.

तास

खरा डोंगर पदवीनंतर आहे, आणि बहुतेकजण तिथेच थकतात. म्हणून इथे जरा थांबू.

एकूण ३,००० तास सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखाली, भरायचे असतात, आणि ते किमान १०४ आठवड्यांत पसरलेले हवेत. एका आठवड्यात ४० पेक्षा जास्त मोजत नाहीत. या तीन हजारांपैकी किमान १,७५० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचे, आणि त्या १,७५० मधले किमान ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलांबरोबरचे. उरलेले जास्तीत जास्त १,२५० तास नोंदी लिहिणं, सुपरव्हिजन, कार्यशाळा यांत भरतात. पदवीआधी १२ सेमिस्टर युनिटं झाली की ‘ट्रेनी’ म्हणून तास मोजायला लागता येतं, पण पदवीआधीचे १,३०० पेक्षा जास्त धरत नाहीत, आणि त्यातही समुपदेशन आणि सुपरव्हिजन मिळून ७५० च.

आता वर्षांचा हिशेब. समजा, पदवीपर्यंत तुमचे ३०० प्रत्यक्ष तास झाले. उरले १,४५०. आठवड्याला १५ तास आणि वर्षाला ४८ आठवडे धरले तर ७२०, म्हणजे दोन वर्षं. आठवड्याला १० च झाले तर तीन वर्षं. लोक ऐनवेळी येत नाहीत, सुट्टीत क्लिनिक ओस पडतं, म्हणून १५ तास हवे असतील तर २० भेटी ठरवाव्या लागतात. पूर्वतयारीचं एक वर्ष, अभ्यासाची अडीच-तीन, तासांची दोन-तीन आणि परीक्षा मिळून सहा-सात वर्षं धरा. पंचेचाळिसाव्या वर्षी परवाना हातात येईल. या व्यवसायात ते उशिराचं वय नाही. वीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यासमोर बसायला थोडं वय झालेलं असणं उपयोगीच पडतं.

पदवी मिळाल्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत ‘असोसिएट’ (पदवी झालेला, पण परवाना न मिळालेला उमेदवार) म्हणून नोंदणीचा अर्ज मंडळाकडे पोचला पाहिजे. तो वेळेत गेला, आणि कामाच्या ठिकाणी लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे घेऊन मगच काम सुरू केलं, तर नोंदणी क्रमांक येईपर्यंतचे तासही धरले जातात. एक्क्याण्णवावा दिवस उजाडला की ती सवलत गेली. असोसिएट नोंदणी दरवर्षी नवी करायची, एकूण सहा वर्षं चालते. दरम्यान कायदा आणि नीतिमत्तेची परीक्षा दरवर्षी द्यायची, पास होईपर्यंत. तास पूर्ण झाल्यावर क्लिनिकल परीक्षा. सहा वर्षांपेक्षा जुने तास साधारणपणे बाद होतात. मूल झालं, आजारपण आलं, आई-वडिलांसाठी भारतात राहावं लागलं की लोकांचे तास इथेच वाया जातात.

सुपरव्हिजनचं गणित वेगळं. असोसिएटला प्रत्येक कामाच्या ठिकाणी दर आठवड्याला एक युनिट लागतं : एकट्याने किंवा दोघांत एक तास, किंवा गटात दोन तास. गटात आठपेक्षा जास्त जण चालत नाहीत. आठवड्यात १० पेक्षा जास्त प्रत्यक्ष तास झाले तर आणखी एक युनिट. ते चुकलं तर त्या आठवड्याचे वरचे तास मोजले जात नाहीत. ट्रेनी असताना दर पाच तासांमागे एक युनिट. एकूण ५२ आठवडे तरी वैयक्तिक किंवा दोघांतलं सुपरव्हिजन हवं. सुपरव्हिजन सुरू झाल्यापासून ६० दिवसांत लेखी करार करा. आठवड्याचा तक्ता त्याच आठवड्यात सुपरव्हायझरच्या सहीने पक्का करा, ‘महिन्याच्या शेवटी करू’ म्हणू नका. सुपरव्हायझर नोकरी सोडून गेले, दुसऱ्या राज्यात गेले, वारले, आणि सहीवाचून शेकडो तास अडकले असं होतं. काम सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर मूळ सही घेऊनच बाहेर पडा.

असोसिएटने स्वतःचा दवाखाना काढायचा नसतो, क्लायंटकडून थेट पैसे घ्यायचे नसतात. ट्रेनी आणि असोसिएट एकतर पगारी कर्मचारी असतात किंवा स्वयंसेवक. ‘कंत्राटदार म्हणून १०९९ वर (कंत्राटदाराच्या करफॉर्मवर) घेतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, ते तास मंडळ धरत नाही. चर्चच्या समुपदेशन केंद्रांत हे अजाणता होतं, कारण तिथे सगळेच जुजबी कागदांवर, विश्वासावर काम करत असतात.

आणि ते ५०० तास. ख्रिस्ती केंद्रात येणाऱ्यांत एकटी बाई बरेचदा असते, नवरा ‘मला गरज नाही’ म्हणतो. वर्षभर असंच चाललं तर प्रत्यक्ष तास भरतात पण जोडपी-कुटुंबांचे भरत नाहीत. शाळांमध्ये मुलांबरोबर काम देणारी संस्था किंवा काउंटीचं कुटुंबकेंद्र दुसऱ्याच वर्षी हेरून ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर यायचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी एक वाक्य. पदवीनंतरची साधी ओ.पी.टी., म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची कामाची परवानगी, बारा महिन्यांची असते आणि तास १०४ आठवड्यांचे, तेव्हा हिशेब आधीच मांडा.

खोलीतला विश्वास

आता ज्यासाठी तुम्ही हे करणार आहात त्याकडे येऊ.

प्रॅक्टिकममध्ये तुमच्याकडे येणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नसतील. हिंदू, मुस्लिम, नास्तिक, लग्नाशिवाय एकत्र राहणारे, समलिंगी जोडपी असे सगळे येतील, आणि अमेरिकेतल्या विवाह व कुटुंब थेरपिस्टांच्या संघटनेची आचारसंहिता भेदभावाला मनाई करते. त्याच संहितेप्रमाणे एकत्र राहणं, लग्न, घटस्फोट, समेट, मुलांचा ताबा हे निर्णय क्लायंटचे असतात, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगणं थेरपिस्टचं काम आहे. ‘घटस्फोट घेऊ नका’ हे पाळक सांगू शकतात. तुम्ही परवान्याच्या खुर्चीत बसून सांगू शकत नाही. हे जमेल का, याचा विचार फी भरण्याआधी आपल्या पाळकांबरोबर आणि परमेश्वरासमोर करा. जमणार नाही असं मन म्हणालं तर पाळकीय समुपदेशन हे तितकंच मानाचं काम आहे. तो मार्ग घेतला तर खोटं वागावं लागत नाही.

जमेल असं वाटत असेल, तर विश्वास खोलीत आणण्याची शिस्त असते. पहिली पायरी संमतीपत्राची. त्यात असा एक परिच्छेद असावा : ‘मी ख्रिस्ती आहे. तुमची इच्छा असेल तरच श्रद्धेचा विषय आपल्या बोलण्यात येईल. तो आणला किंवा न आणला म्हणून उपचारांत फरक पडणार नाही. तुम्ही कधीही मत बदलू शकता.’ पहिल्या भेटीत चार साधे प्रश्न पुरतात : श्रद्धेचं तुमच्या घरात काय स्थान आहे? दोघांचं त्याबाबत एकमत आहे का? चर्चमधून कधी दुखावले गेलात का? इथे त्याबद्दल बोलावंसं वाटतं का?

प्रार्थनेबद्दल नवशिक्यांची चूक ठरलेली असते. खोलीत कुणी रडू लागलं आणि शांतता असह्य झाली की ते म्हणतात, ‘चला, प्रार्थना करू.’ तिथे प्रार्थना थेरपिस्टची अस्वस्थता मिटवते आणि क्लायंटचं बोलणं तोडते. प्रार्थना मागितली गेली तरी विचारा : कोण करेल, कशासाठी, आत्ता की शेवटी? जोडप्यात तर आणखी जपा. ‘प्रभू, यांच्या घरात शांती दे’ हे वाक्यसुद्धा भांडण थांबवायला उत्सुक असलेल्या नवऱ्याची बाजू घेतं आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा बोलणाऱ्या बायकोला गप्प करतं. केलेली प्रार्थना नोंदवहीत लिहायची, इतर उपायांसारखीच.

वचनांचंही तसंच. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं पत्नीने पतीच्या अधीन असण्याचं वचन तुमच्यासमोर शंभर वेळा येईल. त्याच्या आधीच्याच ओळीत एकमेकांच्या अधीन असण्याबद्दल लिहिलंय, हे तुम्हाला माहीत आहे आणि सांगायची उबळ येईल. सांगू नका. तुम्ही अर्थ सांगितलात की तिसरा उपदेशक झालात. कुटुंबाकडे एक व्यवस्था म्हणून बघणारा थेरपिस्ट विचारतो : ‘हे वचन तुमच्या घरात कोण, कुणाला, कोणत्या वेळी म्हणतं? मग समोरचा काय करतो?’ त्या उत्तरातून घराची रचना दिसते. क्षमेच्या बाबतीतही फोड करायला शिकवावं लागतं. क्षमा एकाच्या मनात होते, समेटाला दोघे लागतात, आणि विश्वास वागणुकीतून महिनोन्‌महिने परत कमवावा लागतो. आपल्या मंडळ्यांमध्ये या तिन्ही गोष्टी एका संध्याकाळी उरकायची घाई असते. त्या जोडप्याच्या बाबतीत तुमच्याकडूनही तेच झालं.

जेनोग्राम म्हणजे कुटुंबाचा नकाशा तुम्ही पहिल्या सहामाहीत शिकाल. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, घटस्फोटाला त्यावर दोन तिरके छेद, साधारण तीन पिढ्या. मराठी ख्रिस्ती घरांसाठी आमचा सल्ला : चौथी आणि जमल्यास पाचवी पिढीही काढा. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. कितीतरी घरांत बाप्तिस्मा कुणी घेतला, मागे कोण राहिलं, कुणाशी बोलणं तुटलं, मिशनच्या शाळेत की दवाखान्यात नोकरी लागली, गाव केव्हा सुटलं, हे सगळं आजच्या सासू-सुनेच्या भांडणात ओळखू येईल इतकं ताजं असतं. ‘आपण लोकांना तोंड दाखवायचं नाही’ ही भीती कुठून आली ते कागदावर दिसतं.

मराठीतून थेरपी करायला मिळाली तर फार चांगलं, पण सुपरव्हायझरला मराठी कळत नसेल तर नोंदींमध्ये मूळ शब्द ठेवा. ‘जीव नको झालाय’ याचा नुसता ‘थकवा’ असा तर्जुमा केला तर आत्महत्येचा धोका तपासायचा राहून जातो. (आत्महत्येचा धोका ओळखण्याचं सहा तासांचं आणि टेलिहेल्थचं (फोन-व्हिडिओवरून उपचारांचं) तीन तासांचं प्रशिक्षण परवान्यासाठी सक्तीचं आहे.) स्वतःही वर्षभर तरी थेरपीला जा. क्लायंटच्या खुर्चीत बसल्याशिवाय तिथून खोली कशी दिसते ते कळत नाही.

फेलोशिपमधले लोक

तीस घरांच्या मराठी फेलोशिपमध्ये तुम्ही कुणाच्या थेरपिस्ट होऊ शकत नाही. रविवारी जिच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेता, जिची मुलं तुमच्या संडे स्कूलमध्ये आहेत, तिच्या संसाराचं गुपित सोमवारी व्यावसायिक नात्याने ऐकता येत नाही. हा नियम ट्रेनी झाल्या दिवसापासून लागू. अशांसाठी दोन-तीन परवानाधारकांची नावं तयार ठेवा आणि बहीण म्हणून सोबत राहा. प्रार्थना-विनंतीच्या वॉट्सॲप गटापासून तर फारच जपा. ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, घरात ताण आहे’ एवढ्यावरून तीस घरांत कोणतं कुटुंब ते कळतं.

ट्रेनी झाल्यावर मुलांवरील अत्याचाराचा वाजवी संशय आला तर तो कळवणं बंधनकारक होतं : फोन ताबडतोब आणि लेखी अहवाल ३६ तासांत. ‘आधी पाळकांना विचारते’ याला कायद्यात जागा नाही. पाळक स्वतःही कळवण्यास बांधील आहेत, फक्त पापनिवेदनातलं बोलणं वगळून. जोडप्यात एकाने फोन करून ‘हे तिला सांगू नका’ म्हटलं तर काय करायचं, याचा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या. उशीर झाला की तुम्ही त्या गुपितात भागीदार होता.

टेक्सस आणि भारत

परवाना राज्याचा असतो. टेक्ससचं मंडळ वेगळं, तिथे राष्ट्रीय परीक्षा आणि त्यांच्या कायद्याची वेगळी परीक्षा लागते. बदलीची शक्यता खरीच असेल तर सी.ओ.ए.एम.एफ.टी.ई. मान्यतेची पदवी घ्या, प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम जपून ठेवा, आणि तास अर्धवट असताना जायची वेळ आली तर निघण्याआधी सगळ्या सह्या पूर्ण करा.

भारतातल्या कुटुंबांबद्दल : कॅलिफोर्नियाचा परवाना क्लायंट कॅलिफोर्नियात बसलेला असतानाच चालतो. तुमची क्लायंट महिनाभर नगरला गेली तरी प्रश्न उभा राहतो. भारतात विवाह व कुटुंब थेरपीचा स्वतंत्र परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वर्तन-आरोग्याचे व्यावसायिक आले आहेत. कायदा एकवेळ आडवा येणार नाही, पण मध्यरात्री तिकडे कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं तर तुम्ही तेरा हजार किलोमीटरवरून काय करणार? म्हणून तिकडच्यांवर उपचार करण्यापेक्षा लग्नाआधीचे वर्ग घ्या, पाळक आणि पाळकबाईंना मारहाण ओळखायला शिकवा, आणि गरजूंना तिथल्या माणसांकडे पाठवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो. भारतातच राहून शिकू पाहणाऱ्या ख्रिस्ती वाचकांना वेल्लोरचं ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर ठाऊक असावं.

सुरुवात लहान करा. या आठवड्यात कम्युनिटी कॉलेजच्या सामान्य मानसशास्त्राच्या वर्गात नाव घाला, पुण्याहून गुणपत्रिका मागवा, आणि तीन शाळांना वरचे प्रश्न लेखी पाठवा. जोडप्यांना जेवायला बोलावणं चालू ठेवा, फक्त जेवणानंतरची ती बैठक बंद करा. आणि त्या बहिणीला रविवारी भेटलात तर तिच्या हातात कागद देऊ नका, तो घरी सापडतो. नंबर तोंडी सांगा, किंवा तिच्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीच्या नावाने तिच्या फोनमध्ये साठवायला सुचवा, तेही तो फोन नवरा बघत नसेल तरच.